दूरच्या दीर्घिकेतला वायू कोण उजळवतं: तारे की कृष्णविवर?

दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटात ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा ठसठशीत दिसली की आकाशदर्शनाला येणारी आमच्याकडची कॉलेजची मुलं हमखास म्हणतात, "सर, आत मोठं कृष्णविवर असणार." असू शकतं. पण नुकत्याच जन्मलेल्या अवजड ताऱ्यांभोवतीही हीच रेषा तितक्याच जोमाने उमटते. वायू कोणी उजळवला हे ओळखण्यात गफलत झाली, तर तिथे तारे किती वेगाने जन्मताहेत, ऑक्सिजन किती साठला आहे, ही सगळी गणितं कोसळतात.

दोन्हींचा एकेक नमुना गोव्यातून एकाच रात्री पाहता येतो. डिसेंबरच्या मध्याला, रात्री नऊच्या सुमारास, किनारपट्टीच्या झगमगाटापासून दूर सत्तरीत किंवा नेत्रावळीच्या बाजूला जा. पूर्वेकडे मृग नक्षत्र बरंच वर आलेलं असतं. त्यातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला जो धूसर ठिपका दिसतो, तो एम-४२ तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर. लहान दुर्बिणीतूनही त्याच्या मधोमध चार तारे वेगळे दिसतात. त्यांतला सर्वांत तेजस्वी, थीटा-१ ओरायनिस सी, सुमारे ३९ हजार केल्विन तापमानाचा आहे आणि तेजोमेघाचा मोठा भाग तो एकटा उजळवतो. त्याच वेळी डोक्यावर, तिमिंगल तारकासमूहात, एम-७७ ही दीर्घिका असते. तिच्या केंद्रात वायू गिळणारं कृष्णविवर आहे. कार्ल सेफर्टने १९४३ साली असाधारण तेजस्वी केंद्रांच्या ज्या दीर्घिका अभ्यासल्या, त्यांत हीही होती.

आधी ताऱ्यांचं पाहू. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा अतिनील प्रकाश. सूर्यासारख्या ताऱ्याकडे तो नगण्य असतो. सूर्याच्या वीस-तीसपट वस्तुमानाचा तारा मात्र तो अक्षरशः ओतत असतो, आणि काही दशलक्ष वर्षांत संपूनही जातो. सुटलेले इलेक्ट्रॉन दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनवर आदळतात आणि तो ऑक्सिजन हिरवा प्रकाश टाकतो. पृथ्वीवरच्या दाट वायूत ही ऊर्जा प्रकाश होण्याआधीच दुसऱ्या टकरीत निघून जाते, त्यामुळे ही रेषा प्रयोगशाळेत सापडेना. एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांनी तिच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं. ती ऑक्सिजनची आहे हे आयरा बोवेनने १९२७ मध्ये दाखवलं. या प्रकाशातून उष्णता बाहेर पडत राहते, म्हणून असा वायू साधारण दहा हजार केल्विनच्या आसपास टिकतो.

कृष्णविवराभोवतीच्या तप्त चकतीतून अतिनील प्रकाशासोबत भरपूर क्ष-किरणही येतात. फरक पडतो तो इथे. ताऱ्याचा अतिनील प्रकाश वायूच्या ढगात एका ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो आणि तिथे आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेल्या, वायूची कड स्पष्ट संपते. क्ष-किरण त्यापुढे मुरत जातात, पावसाळाभर ओल धरलेल्या चिऱ्याच्या भिंतीत पाणी आतल्या गिलाव्यापर्यंत झिरपावं तसे. त्यामुळे पलीकडे अर्धवट आयनीभूत, तरीही गरम असा रुंद पट्टा तयार होतो. त्यात नायट्रोजन, गंधक आणि उदासीन ऑक्सिजन यांच्या तांबड्या रेषा बळावतात.

बाल्डविन, फिलिप्स आणि टेर्लेविच यांनी १९८१ मध्ये यावरूनच एक आलेख सुचवला. एका अक्षावर हिरव्या ऑक्सिजनचं ४८६.१ नॅनोमीटरच्या हायड्रोजनशी गुणोत्तर, दुसऱ्यावर नायट्रोजनचं ६५६.३ च्या हायड्रोजनशी. जोडीतल्या रेषा जवळजवळच्या असल्याने वाटेतली धूळ दोघींना जवळपास सारखीच मंद करते आणि गुणोत्तर बिघडत नाही. मला ही युक्ती फार आवडते. जवळच्या दीर्घिका या आलेखावर दोन फांद्यांत विभागल्या जातात: एक ताऱ्यांची, दुसरी कृष्णविवरांची.

खरा पेच दूरच्या दीर्घिकांचा आहे. विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची लांबी किती ताणली गेली ते ताम्रसृती या आकड्याने सांगतात; ताम्रसृती २ च्या आसपासच्या दीर्घिकांचा प्रकाश सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी निघालेला. त्यांच्या या रेषा अवरक्तात सरकलेल्या असतात. हवाईतल्या केक दुर्बिणीवरून त्या मोजल्या, तेव्हा तारे घडवणाऱ्या साध्या दीर्घिकाही कृष्णविवरांच्या फांदीकडे झुकलेल्या निघाल्या. सगळीकडे कृष्णविवरं लपली आहेत असं मानणं सोपं होतं. मला त्याहून पटणारं स्पष्टीकरण ताऱ्यांतल्या लोखंडाचं आहे. अवजड तारे स्फोट पावून ऑक्सिजन झटपट पसरवतात, काही कोटी वर्षांत. लोखंडाचा मोठा वाटा मात्र श्वेतबटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून बराच उशिरा येतो. तरुण दीर्घिकेत म्हणून ऑक्सिजन आहे, लोखंड फारसं नाही, अशी स्थिती असते. ताऱ्याच्या बाह्य थरातला अतिनील प्रकाश प्रामुख्याने लोखंड अडवतं. ते कमी असलं की बाहेर पडणारा प्रकाश अधिक प्रखर होतो आणि ऑक्सिजनचे दोन-दोन इलेक्ट्रॉन सहज सुटतात. जोडताऱ्यांत एकाचं बाह्य आवरण दुसऱ्याने ओढून घेतलं तर उघडा पडलेला गाभाही असाच प्रखर तळपतो. नायट्रोजनच्या प्रमाणाचाही यात हात असावा, असं काही अभ्यासक मानतात.

हा आयनीभवन करणारा प्रकाश वायू बहुतेक गिळूनच टाकतो, त्यामुळे तो थेट सापडणं दुर्मीळ. २८ सप्टेंबर २०१५ ला उडालेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीने ते साधलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने २०२० मध्ये सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून निसटलेला असा प्रकाश नोंदवला.

मग निवाडा कसा करायचा? चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची ३४२.६ नॅनोमीटरची रेषा शोधायची. तिला ९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, साध्या ताऱ्यांकडे तेवढी ताकद नसते. हायड्रोजनची रेषा सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाइतकी रुंदावलेली असेल, तर वायू कृष्णविवराच्या अगदी जवळ फिरतो आहे. काही दीर्घिकांत मात्र दोघंही एकाच वेळी काम करत असतात. संपूर्ण दीर्घिकेचा एकच वर्णपट घेतला तर त्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो, म्हणून जेम्स वेब दुर्बिणीवरचं उपकरण केंद्राचा आणि कडेचा वर्णपट वेगवेगळा टिपू शकतं, हे महत्त्वाचं.