हीटर थंड हवा देतोय? लगेच डॅशबोर्ड उतरवू नका

जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये एक फॉरवर्ड कायम फिरत असतो, "हीटर गरम हवा देत नाही म्हणजे हीटर कोर गेला, बदलून टाका." असं वाटणं साहजिक आहे, पण कोर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटर, इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, त्यामुळे कूलंट कमी असेल, आत हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला असेल तरी हवा गारच येणार, कोर कितीही चांगला असला तरी.

तपासायचं कसं? इंजिन नीट तापू द्या, हीटर फुलवर ठेवा, इंजिन बंद करून फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जाणारे हीटरचे दोन होज, म्हणजे रबरी पाइप, अलगद चाचपून बघा (चटका बसतो हां, आणि रेडिएटर कॅप तर गरम असताना अजिबात उघडायची नाही). दोन्ही छान गरम असतील तर कूलंट फिरतंय, मग गडबड बहुतेक गरम-गार हवा वळवणाऱ्या फ्लॅपची किंवा त्याच्या केबलची. एक गरम, एक थंड असेल तर आधी हीटर व्हॉल्व्ह (कोरकडे जाणारं कूलंट चालू-बंद करणारा) बघा, तो उघडत असेल तर बहुतेक कोर चोक झालाय, आणि कोर बऱ्याचदा कमी प्रेशरच्या पाण्याने उलटा फ्लश करून मोकळा होतो. दोन्ही कोमट? कूलंट लेव्हल आणि थर्मोस्टॅट.

कोर खरंच लीक असेल तर गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुकं आणि ओलं कार्पेट दिसतं. फक्त ओलं कार्पेट, तेही साध्या पाण्याने, तर एसीचा ड्रेन (त्याचं पाणी बाहेर सोडणारी नळी) तुंबलेला असू शकतो.