दमट हवा जड नसते, हलकी असते

मे महिन्यात दादरच्या पुलावर शर्ट पाठीला चिकटला की कुणीतरी म्हणतंच, "आज हवा किती जड झालीये!" हवेत बाष्प मिसळलं म्हणजे वजन वाढलं, असा हिशेब. तो उलटा आहे. तापमान आणि दाब सारखे असतील तर तेवढ्याच जागेत रेणू तेवढेच मावतात, वायू कुठलाही असो; इटालियन शास्त्रज्ञ आव्होगाद्रोने हे १८११ सालीच मांडलं. म्हणजे बाष्पाचा रेणू आत आला, की नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचा एक बाहेर. पाण्याचा रेणुभार १८, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२. हवा हलकीच होणार! (फरक फार तर एक-दीड टक्क्याचा, पण उलट्या दिशेचा.) जीव गुदमरतो तो घाम वाळत नाही म्हणून. वानखेडेवर 'जड हवेमुळे' चेंडू स्विंग होतो म्हणणाऱ्यांनी मात्र दुसरं कारण शोधावं.