प्लँट रूममधला हिशेब

इमारत दाखवायला कुणाला नेलं, तर लॉबी दाखवतात, गच्चीवरून दिसणारा देखावा दाखवतात. प्लँट रूममध्ये पाहुण्याला कुणी नेत नाही. तिथे चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, घरघर असते, गुंडाळलेले पाइप असतात आणि भिंतीला लागून पॅनेलची रांग. पण इमारत वापरात आल्यावर ती जी ऊर्जा खाते, तिचा मोठा भाग याच खोलीतून जातो. गारवा, ऊब, ताजी हवा, उजेड, पाणी हे सगळं मिळून मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग, म्हणजेच एमईपी. आता या कामाला ‘लो-कार्बन’, म्हणजे कमी कार्बन सोडणारं, असं विशेषण लागतं. ते लागेपर्यंतचा इतिहास सहसा यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. मला तो हिशेबाचा वाटतो. ज्या काळात जे मोजलं गेलं, त्याच्यासाठी यंत्रं बसली; जे मोजलं नाही, ते पुढच्या पिढीच्या अंगावर आलं.

सुरुवात माणसांच्या सोयीसाठी झालीच नव्हती. 1902 साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याची तक्रार होती की रंग जागेवर बसत नाहीत. रंगीत छपाईत तोच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रावर चढतो. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा, आणि दुसरा रंग पहिल्याच्या शेजारी सांडल्यासारखा दिसायचा. पंचविशीतल्या विलिस कॅरिअर या अभियंत्याने गार पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेली, बाष्प काढून टाकलं आणि आर्द्रता 55 टक्क्यांवर धरण्याची योजना आखली. हिशेब कागदाचा होता. माणसाला बरं वाटणं हा वरचा फायदा.

तो वरचा फायदाच पुढे मुख्य धंदा झाला. त्याच्या जोडीला काच, ॲल्युमिनियम आणि ट्यूबलाइट आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न उघडणाऱ्या खिडक्यांच्या ऑफिस इमारती उभ्या राहिल्या. गंमत अशी, की या घराण्यातली अगदी सुरुवातीची एक इमारत आजच्या कसोटीलाही बरीचशी उतरते. अमेरिकेतल्या पोर्टलँडमधली 1948 ची इक्विटेबल बिल्डिंग बाहेरून सीलबंद होती, पण काच दुहेरी होती आणि गारवा-ऊब विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपांतून, म्हणजे उष्णता एका जागेहून दुसरीकडे उपसणाऱ्या यंत्रांतून, यायची. झुरिकच्या नगरभवनात तर 1938 पासून लिमात नदीच्या पाण्यातली उष्णता हीट पंपाने खेचून खोल्या उबदार ठेवल्या जात. म्हणजे तंत्र हाताशी होतं. इंधन स्वस्त असल्यामुळे त्याची कुणाला गरज वाटली नाही. पुढच्या बहुतेक इमारतींनी इक्विटेबलची काच उचलली आणि विहीर सोडून दिली. उन्हाचा भार भिंतीने अडवण्याऐवजी चिलरने उपसायचा, हा रिवाज तिथून पडला.

1973 च्या तेलसंकटाने इंधनाचं बिल पहिल्यांदा डिझाइनच्या टेबलावर आणलं. अमेरिकेत ॲशरी या अभियंत्यांच्या संस्थेने 1975 साली ऊर्जाबचतीचं मानक 90 काढलं. आज जगभरच्या नियमावल्यांत त्याची वंशावळ सापडते. पण बिल कमी करायचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? बाहेरची हवा कमी घ्यायची, कारण ती गार किंवा गरम करायला पैसे पडतात. 1981 च्या वायुवीजन मानकात, जिथे धूम्रपान होत नाही अशा ऑफिसांसाठी, माणशी मिनिटाला जेमतेम 5 घनफूट ताजी हवा पुरेशी धरली होती. परिणाम कर्मचाऱ्यांच्या डोक्याने आणि डोळ्यांनी भोगला. ठणकणारं डोकं, चुरचुरणारे डोळे, इमारतीबाहेर पडलं की बरं वाटणं, या सगळ्याला ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ असं नावच पडलं. 1989 मध्ये किमान प्रमाण तिप्पट करून 15 घनफुटांवर नेलं गेलं. तेल मोजलं, श्वास मोजायचा राहिला होता.

यातून खरी वाट काढली ती उष्णता परत मिळवणाऱ्या वायुवीजनाने. बाहेर जाणारी शिळी हवा आणि आत येणारी ताजी हवा एका पेटीत पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी न मिसळता जातात आणि उष्णता तेवढी हस्तांतरित होते. जर्मनीत डार्मस्टाट इथे 1991 साली वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने पूर्ण झालेल्या चार जोडघरांत हे जाड इन्सुलेशन आणि हवाबंद बांधणीसोबत वापरलं गेलं. त्यातून पुढे पॅसिव्ह हाउसची व्याख्या आली: घर उबदार ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे 15 किलोवॅट-तासांहून जास्त उष्णता लागता कामा नये. एमईपीच्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट ही, की इमारतीचं कवच (भिंती, छप्पर, खिडक्या) चांगलं असेल तर यंत्रच लहान होतं.

यंत्र लहान करणं मात्र या व्यवसायाच्या स्वभावात नाही. कुठल्याही जुन्या प्लँट रूममध्ये पाण्याच्या मोठ्या पंपाशेजारचा व्हॉल्व्ह बघा. बऱ्याचदा तो अर्धवट बंद असतो. सल्लागाराने थोडं जास्त धरलेलं असतं, कंत्राटदाराने त्यावर थोडं, पंप विकणाऱ्याने पुढचा मोठा साइज दिलेला. शेवटी पाणी गरजेपेक्षा जास्त येतं म्हणून कुणीतरी चाक फिरवून पाण्याचा गळा आवळतो आणि मोटर मात्र पूर्ण वेगाने धावत राहते. ॲक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकने वेग सांभाळण्यासारखंच हे. पंखे आणि पंपांना लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार बदलते, म्हणून वेग निम्म्यावर आणला की तत्त्वतः शक्ती एक अष्टमांश लागते. हा नियम जुनाच. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह स्वस्त झाल्यावर तो वापरता येऊ लागला. माझ्या मते लो-कार्बन इमारतींच्या गोष्टीत सौर पॅनेलला मिळणारं निम्मं कौतुक या राखाडी डब्याला मिळायला हवं.

प्लंबिंगमध्येही असाच एक जुना अंदाज ठाण मांडून बसलेला आहे. 1940 मध्ये अमेरिकेत रॉय हंटर यांनी संभाव्यतेचं गणित वापरून एक वक्र दिला: इमारतीत इतके नळ आणि इतके फ्लश असतील, तर एका वेळी किती पाणी वाहील. काम सुंदर होतं. पण ते तेव्हाच्या भरपूर पाणी ओतणाऱ्या उपकरणांवर बेतलेलं होतं. पुढे फ्लशचं पाणी 6 लिटरवर आलं, नळ काटकसरी झाले, आणि पाइप जुन्याच वक्रावर मोजले जात राहिले. जाड पाइपात गरम पाणी रेंगाळतं, थंड होतं, आणि नळ उघडणारा ते तापेपर्यंत वाहू देतो. पाणीही गेलं, उष्णताही गेली. त्यात 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलमधल्या अधिवेशनानंतर लिजिओनेअर्स आजाराची (पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची) साथ आली आणि कोमट, साचलेलं पाणी धोक्याचं असल्याचं पुढे उमगलं. म्हणून साठवलेलं गरम पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवण्याचा दंडक रुजला. पण हीट पंपाची कार्यक्षमता तापवायच्या पाण्याचं तापमान चढेल तशी घसरते. आरोग्य आणि कार्बन यांची ही ओढाताण आजही प्रत्येक प्रकल्पात नव्याने सोडवावी लागते.

विजेचीही बाजू पालटली. वीज कोळशावर असताना चांगला गॅस बॉयलर हाच शहाणपणाचा पर्याय होता. वीजकेंद्रात निम्म्याहून जास्त उष्णता वाया घालवून आलेल्या विजेने पाणी तापवणं गुन्ह्यासारखं वाटे. मग ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याचं जाळं, स्वच्छ होत गेलं. ब्रिटनमध्ये 2012 साली जवळपास 40 टक्के वीज कोळशाची होती, आणि तिथलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. एक युनिट वीज घेऊन तीन-चार युनिट उष्णता देणारा हीट पंप अशा ग्रिडवर बॉयलरला सहज मागे टाकतो. तोच बॉयलर, तीच कार्यक्षमता. बाहेरचा आकडा बदलला आणि तो वाईट ठरला.

राहता राहिला शीतक वायू, म्हणजे फ्रिज, एसी आणि हीट पंपात फिरून उष्णता वाहून नेणारा वायू. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असत. गळती झाली तर जीव जाई. थॉमस मिजली यांच्या चमूने 1928 मध्ये सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू तयार केले आणि 1930 साली मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांसमोर तो वायू छातीत भरून घेतला व त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेट घेत नाही! तेव्हा मोजायच्या दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. सीएफसीमुळे ओझोन थराला असलेला धोका मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये सांगितला, अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड 1985 मध्ये जाहीर झालं, 1987 मध्ये सीएफसी आवरणारा माँट्रियल करार झाला. ओझोनला न खाणारे एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) त्यांच्या जागी आले, पण हवा तापवण्यात ते भलतेच तरबेज निघाले. आर-410ए हा एसीत सर्रास वापरलेला वायू एक किलो गळला, तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. त्या करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्यांनाही कात्री लावली. आता पुन्हा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि प्रोपेन यांच्याकडे मोर्चा वळला आहे. प्रोपेन पेटतो, म्हणून यंत्रात तो मोजून-मापून भरायचा. मिजलींची मेणबत्ती परत टेबलावर आली म्हणायची.

यंत्र बनवतानाच जो कार्बन खर्ची पडतो, तो अगदी अलीकडेपर्यंत कुणी धरतच नव्हतं. सिमेंट-पोलादाचा हिशेब लागायचा, डक्ट (हवेच्या वाहिन्या) आणि चिलरचा नाही. खरं तर सांगाडा साठ वर्षं टिकला, तरी चिलर वीसेक वर्षांत बदलावा लागतो, म्हणजे तेच यंत्र इमारतीच्या आयुष्यात तीनदा विकत घेतलं जातं. ब्रिटनच्या सिब्सी या संस्थेने 2021 मध्ये टीएम65 ही पद्धत दिली. उत्पादकाकडे नीट आकडे नसतील, तर यंत्रात तांबं किती, पोलाद किती, प्लास्टिक किती हे वजनावर मांडून अंदाज काढायचा आणि त्यात आयुष्यभरात गळणाऱ्या शीतकाची भर घालायची. एचएफसीवर चालणाऱ्या हीट पंपाचा असा तक्ता भरताना तांब्या-पोलादाच्या ओळी पटापट भरून होतात, आणि खालची गळतीची एकच ओळ बऱ्याचदा वरच्या सगळ्यांच्या बेरजेहून मोठी निघते.