पिकअपवर कॅम्पिंगची तयारी करून घेताय? आधी काटा करून या
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या वर्कशॉपला येणाऱ्या गाड्या बहुतेक डबल कॅबच्या, म्हणजे सीटच्या दोन रांगा असलेल्या पिकअप असतात. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, अधूनमधून जुनी महिंद्रा गेटअवे नाहीतर टाटा झेनॉन. घरात दोन मुलं, कधी आजी-आजोबाही सोबत. बेत साधारण ठरलेले: शनिवार-रविवार भंडारदऱ्याकडे, दिवाळीच्या सुट्टीत राजस्थान, मे महिन्यात स्पिती किंवा लडाख. मोबाइलवर फोटो दाखवून "अगदी अशीच करून द्या" म्हणणारे पुष्कळ असतात. फोटोतली गाडी बहुधा ऑस्ट्रेलियातली असते. तिथल्या पिकअप सहसा टनाच्या आसपास वजन वाहायला बांधलेल्या असतात. आपल्याकडे खाजगी नोंदणी झालेल्या डबल कॅबची क्षमता त्याहून बरीच कमी असते. म्हणून फोटो बाजूला ठेवून आम्ही आधी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) मागतो.

वजनाचा हिशेब

आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. या दोन्हींतला फरक एवढीच तुमची शिल्लक. माणसं, पाणी, तंबू, आम्ही बसवणार ती प्रत्येक वस्तू, सगळं त्यातच बसवायचं. दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं धरली की सव्वादोनशे किलोच्या आसपास तिथेच जातात. त्यावर छतावरचा तंबू ६० किलो, तो पेलणारी लोखंडी रॅक ३५, फायबरची कॅनपी (मागच्या हौद्यावरचं, म्हणजे सामानाच्या उघड्या जागेवरचं बंद टप) ७० ते ८०, प्लायवूडचे ड्रॉवर ६० च्या पुढे, ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. फ्रिज, बॅटरी, शेगडी आणि अवजारं अजून मोजलेलीच नाहीत.

त्यामुळे काम सुरू करण्याआधी आम्ही एक विनंती करतो. टाकी फुल करा, घरच्या सगळ्यांना बसवा आणि जवळच्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार. नेहमीच्या सहलीचं सामान भरूनही एकदा असाच काटा करा आणि दोन्ही पावत्या आम्हाला द्या. काम झाल्यावर आम्ही स्वतः पुन्हा काटा करतो आणि ती पावती बिलाला जोडतो. आकडा मर्यादेबाहेर जात असेल तर काहीतरी कमी करावं लागेल हे आम्ही तोंडावर सांगतो. जड गाडीला घाटात उतरताना ब्रेक कमी पडतात आणि मागे पोरं बसलेली असतात. इथे आम्ही तडजोड करत नाही.

मागचे पाटे (भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलायचे की नाही हेही त्या पावतीवरच ठरतं. कायम शंभर-सव्वाशे किलो जास्त राहणार असेल तर एक पाटा वाढवणं ठीक. मात्र त्याने आरसीवरची मर्यादा वाढत नाही, गाडी फक्त मागे बसत नाही. रिकामी फिरणार असेल तर तीच गाडी इतकी उसळते की मागच्या सीटवरच्या मुलांना उलट्या होतात.

झोपायचं कुठे

छतावरचा तंबू सगळ्यांना हवा असतो. तो कोणाला द्यायचा यावर आमचं मत स्पष्ट आहे. मुलं सात-आठ वर्षांपेक्षा लहान असतील किंवा आजी-आजोबा सोबत येणार असतील तर तो घेऊ नका. शिडी चांगली सहा-सात फूट असते. रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या मुलाला झोपेत, दंवाने ओल्या झालेल्या शिडीवरून उतरवणं हे काम फोटोत दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर ती शिडी नकोच. अशा घरांसाठी जमिनीवरचा चांगला तंबू आणि गाडीच्या बाजूला उघडणारं छत हे सुचवतो. वजन निम्म्याहून कमी होतं आणि तंबू तसाच लावून ठेवून गाडी घेऊन गावात दूध आणायला जाता येतं.

तंबू छतावरच हवा असेल तर तो कॅबच्या टपावर न चढवता हौद्यावरच्या खालच्या रॅकवर बसवतो, म्हणजे भार खाली राहतो आणि वळणावर गाडी कमी कलते. येताना सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची कमीत कमी उंची मोजून आणा. तुळई, पाण्याचे पाइप आणि अग्निशमनाच्या नळ्या खाली आलेल्या असतात, तिथली उंची धरा. पावसात तंबू ओला मिटला असेल तर घरी आल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ही जागा कुठे आहे याचा विचार आधी करावा.

तंबूत, कॅनपीत किंवा बंद गाडीत शेगडी, कोळशाची सिगडी किंवा गॅसचा हीटर कधीही पेटवू नका, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर आम्ही हौद्यात उभा, पट्ट्याने आवळून, खाली हवा जायला भोकं असलेल्या कप्प्यात ठेवतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो.

हौदा आणि धूळ

राजस्थानातून परत आलेल्या गाड्यांचे ड्रॉवर उघडले की कपड्यांवर, भांड्यांवर, पिठाच्या डब्यावरसुद्धा पिवळसर थर असतो. ग्राहकांना वाटतं कॅनपीची काच नीट बसली नाही. खरा रस्ता फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बुडाचा आणि बिजागरांच्या बाजूंचा असतो. धावणाऱ्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, चाकांनी उडवलेली धूळ तिथे घोळत राहते आणि फटीतून आत ओढली जाते. आम्ही फाळक्याच्या चारही कडांना रबरी पट्टी लावतो, खालच्या कोपऱ्यांत वेगळे तुकडे बसवतो आणि कॅनपीच्या पुढच्या बाजूला जाळीची झडप देतो. झडपेतून स्वच्छ हवा आत दाबली जाते, मग धूळ आत यायला जागा राहत नाही. पट्टी बसवल्यावर फटीत कागद धरून फाळका लावून पाहा. कागद सहज ओढून निघत असेल तर ती जागा आम्हाला दाखवा.

त्याच वाटेने सायलेन्सरचा धूरही आत येतो. चालत्या गाडीत हौद्यात किंवा कॅनपीत कोणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. मुलांची जागा कॅबमध्ये, पट्टा लावून.

फ्रिज आणि वीज

चाळीस लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो. दिवसाला ५४० वॅट-तास धरा. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात, म्हणजे गाडी न हलवता जवळपास दोन दिवस. ती १२ किलोच्या आसपास असते, तेवढ्याच आकड्याची लेड-अ‍ॅसिड तिच्या दुप्पट जड आणि त्यातली निम्मीच वीज वापरावी. चार्जर २५ अँपिअरचा असेल तर चार तासांच्या प्रवासात रिकामी बॅटरी भरते. लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. म्हणून ती आम्ही कॅबमध्ये मागच्या सीटखाली घेतो.

"फ्रिज मध्येच बंद पडतो" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गाडीत फ्रिज बहुतेक वेळा चांगला असतो, दोष वायरीत निघतो. पाच मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली तर पाच अँपिअरला जाता-येता अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, तो स्वतःच थांबतो. सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हीच गळती ०.१५ व्होल्टच्या आत राहते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असतो. ज्या गाडीत बाहेरून काम झालं आहे, तिथे आम्ही आधी तोच शोधतो.

टायर आणि बाहेर काढायचं सामान

पैसे कमी असतील तर आधी टायर घ्या. भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. कच्च्या, दगडी रस्त्यावर हवा पस्तीसवरून २४-२५ पीएसआयपर्यंत उतरवली की मागच्या सीटवरचा प्रवास ओळखू येणार नाही इतका सुसह्य होतो. त्या हवेवर वेग ताशी चाळीसच्या आत ठेवा आणि डांबर लागलं की कंप्रेसरने पुन्हा भरा. डांबरावर फोर-व्हील-ड्राइव्हही बंद करा.

गाडी ओढताना दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीही लावू नका. तो गोळा तुटून काच फोडून आत आलेल्या घटना जगभर घडल्या आहेत. चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बोल्ट केलेले हूक पुढे-मागे असायलाच हवेत. दोर ताणलेला असताना मुलं दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभी राहतील हे पाहा. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात गाडी घालू नका. ती माती खोबणीत भरून कोणताही टायर गुळगुळीत होतो. दोन उन्हं पडू द्यावीत.

काही कामं आम्ही करत नाही

बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) बसवत नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, शिवाय एअरबॅगच्या कामात तो अडथळा ठरू शकतो. चॅसीवर वेल्डिंग करत नाही. आमचं सगळं काम बोल्ट-क्लँपवर, काढता येईल असं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून कायमच्या फिटिंगबद्दल आरटीओला विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पत्राचा मजकूर आम्ही तयार करून देतो.

किनाऱ्यावर चालवण्यासाठी म्हणून गाडी सजवायला आलात तर आम्ही परावृत्त करू. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. वरून काही दिसत नाही आणि चाकाच्या चाऱ्यांत पिल्लं अडकतात. कासच्या आसपासच्या सड्यांवर जांभ्यावर बोटभर माती असते, त्यावर उठलेला चाकाचा माग कित्येक पावसाळे जात नाही. वनखात्याच्या हद्दीत परवानगी घेऊनच मुक्काम करा.

येताना काय आणायचं

आरसी, विम्याची प्रत, काट्याच्या दोन्ही पावत्या, पार्किंगची उंची आणि कोण कुठे झोपणार याचा साधा कागद. काम झाल्यावर पहिला मुक्काम घरापासून दोन तासांच्या आत करा. हजार किलोमीटर झाले की गाडी घेऊन या. पाट्यांचे यू-बोल्ट आणि रॅकचे नट आम्ही पुन्हा आवळतो, कारण नवीन फिटिंग पहिल्या खडबडीत रस्त्यावर बसकण घेतं. त्याच वेळी सहलीत एकदाही न उघडलेल्या वस्तूंची यादी आणा. त्या काढून ठेवण्याचे पैसे आम्ही घेत नाही.