रोजगार हमी आणि कामाचा हक्क

रोजगार हमी म्हणजे "मागेल त्याला काम". खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की सरकारने ते द्यायचंच, अशी महाराष्ट्रात सुरू झालेली आणि पुढे देशभर गेलेली योजना, लोक तिला नुसतं 'रोहयो' म्हणतात. गरिबी कमी करायची योजना म्हणून तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय पण तिचा नागरी स्वातंत्र्याशी असलेला संबंध फारसा कुणी सांगत नाही, आणि खरं तर तोच तिचा जीव आहे, कारण जिथे मोर्चा काढता येत नाही आणि हिशोब मागता येत नाही तिथे हमी कागदावरच राहते.

मूळ कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात 1965 मध्ये छोटा प्रयोग झाला. पण योजनेला खरा आकार आला तो 1972 च्या दुष्काळात. म्हातारी माणसं अजून सांगतात, खडी फोडून हाताला घट्टे पडले, पाझर तलावावर पाट्या वाहिल्या, लाल मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी खाल्ली, पोरांनी सुकडीसाठी, म्हणजे वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाऊसाठी, रांगा लावल्या. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. एवढा मोठा दुष्काळ पडूनही भूकबळींचा महापूर आला नाही, याचं श्रेय कामांना आहेच पण काम निघालं नाही की तहसीलवर मोर्चा नेणाऱ्या मजुरांना, विधिमंडळात सरकारला धारेवर धरणाऱ्या विरोधकांना आणि बातम्या छापणाऱ्या पेपरांनाही तेवढंच आहे.

कायदा झाला 1977 मध्ये, आणीबाणी उठल्यावर, आणि लागू झाला 26 जानेवारी 1979 पासून. संविधानाच्या कलम 41 मध्ये कामाचा हक्क आहे पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. या कायद्याने निदान एका राज्यात त्याला कायद्याचं बळ दिलं. 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता, कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांची सोय. पैसा कुठून आला तर पगाराच्या स्लिपवर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये प्रोफेशनल टॅक्स कापलेला दिसतो ना, तो 1975 मध्ये याच योजनेसाठी बसवला. मुंबईतल्या कितीतरी नोकरदारांना हे माहीतच नाही, माहीत असायला हवं.

एक नियम मला फार बोलका वाटतो. साधारण 50 मजूर जमल्याशिवाय नवीन काम निघायचं नाही. म्हणजे एकट्या बाईने अर्ज करून भागायचं नाही, वस्तीवरच्या बाकीच्या बायांना गोळा करावं लागायचं. योजनेवर बायकांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे आणि तहसीलच्या पायऱ्यांवर ठिय्या देऊन बसणाऱ्यांतही त्याच पुढे. शहाद्याकडच्या आदिवासी मजुरांच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी हा कायदा हातात घेऊन काम मागितलं. संघटना करण्याचं स्वातंत्र्य आणि पोटाची भाकरी इथे वेगळी काढताच येत नाही.

कोर्टानेही हा धागा पकडला. राजस्थानात दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जायची, सरकारचं म्हणणं की ही तर मदत आहे. 1983 मध्ये संजित रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुष्काळ आहे म्हणून कमी मजुरीत राबवणं हे संविधानाच्या कलम 23 खाली वेठबिगारीच आहे. मदत म्हणून दिलं तरी काम ते कामच.

त्याच राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या, गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचायचे, मग कळायचं की मेलेल्या माणसाचीही हजेरी लागलीय आणि न बांधलेल्या भिंतीचं बिल निघालंय. मजुरीचा हिशोब मागता मागता ती चळवळ माहितीच्या अधिकारापर्यंत पोचली. 2005 मध्ये माहितीचा अधिकार आणि राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी, दोन्ही कायदे एकाच वर्षी आले हा काही योगायोग नाही. राष्ट्रीय कायद्यात घराला वर्षाला 100 दिवस काम ठरलं, 2 फेब्रुवारी 2006 ला 200 जिल्ह्यांत सुरुवात झाली आणि सोशल ऑडिट, म्हणजे गावानेच कामांचा हिशोब तपासणं, कायद्यातच आलं.

आता भांडण वेगळ्या जागी आहे. 2023 पासून हजेरी मोबाईल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो, आणि 2024 पासून मजुरी आधार जोडलेल्या खात्यातच. डोंगरातल्या पाड्यावर नेटवर्क नसलं तर फोटो चढत नाही, दिवसभर माती उपसूनही हजेरी लागत नाही, आणि पूर्वी मुकादमाला तोंडावर विचारता यायचं तसं ॲपला विचारता येत नाही. म्हणून जुनी कार्यकर्ती मंडळी आजही मजुरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, काम तोंडी मागू नका, नमुना 4 म्हणजे काम मागायचा अर्ज भरा आणि तारखेची पोचपावती घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका, बेकारी भत्त्यासाठीचे 15 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.