टायमिंग चेनच्या टेन्शनरमागचा इतिहास

नाशिकहून काश्मीरला गेलेली मंडळी गुलमर्गला स्नोमोबाईलवर एक फेरी मारतातच. या जातीच्या ज्या गाड्यांना फोर-स्ट्रोक इंजिन असतं, त्यांच्यात कॅम चेन टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग असतो. आणि रोज सकाळी सातपूर-अंबडच्या पाळीला निघणाऱ्या स्प्लेंडरमध्येही तो असतोच. आपल्या गॅरेजात त्याला टायमिंग चेनचा टेन्शनर म्हणतात. बर्फावर काय आणि आपल्या रस्त्यावर काय, हा भाग सामान्य मेकॅनिकच्या हातात आला तो धुरामुळे.

साखळी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश रोलर चेनचं पेटंट घेतलं. पुढे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, इंजिनाच्या डोक्यावर गेला, तेव्हा पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकची गती तिथवर न्यायला साखळी सोयीची ठरली. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा आणि व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडायला हवेत. पण साखळीची प्रत्येक पिन आणि बुश केसभर झिजते आणि ती झीज सगळ्या कड्यांमधून साठत जाते. साखळी लांबते, कॅम किंचित मागे पडतो, इंजिनाचा दम कमी होतो आणि सैल साखळी खडखडू लागते. दुर्लक्ष केलं तर ती एखादा दात सोडते. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडली की हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. क्रँक साखळीची एक बाजू ओढत असतो, ती आपोआप ताठ राहते. म्हणून टेन्शनर नेहमी सैल बाजूला बसवतात.

सुरुवातीला हा ताण हातानेच लावायचा. १९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये लॉकनट सैल करायचा, आतली स्प्रिंग साखळीला टेकलेल्या पट्टीला पुढे ढकलते, मग नट पुन्हा आवळायचा. यामाहा एक्सएस ६५० सारख्या गाड्यांत स्क्रूच आत-बाहेर करावा लागे, आणि तिथे हाताचा अंदाज लागायचा. आवाज जावा म्हणून जास्त कसलं तर साखळी, पट्टी आणि कॅमचे बेअरिंग सगळंच लवकर जातं. साखळीची कटकटच नको म्हणून होंडाने १९८६ च्या व्हीएफआर ७५० ला गिअरवर चालणारे कॅम दिले. काम देखणं होतं, पण महाग आणि जड; २००२ च्या व्हीएफआर ८०० मध्ये साखळी परत आली.

आपल्याकडे हा प्रश्न फार कोणाला पडतच नव्हता. चेतक, राजदूत, येझदी या साऱ्या टू-स्ट्रोक; त्यांना व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, मग साखळी कुठली? बुलेट फोर-स्ट्रोक खरी, पण तिचे व्हॉल्व्ह पुशरॉडवर, म्हणजे खालून ढकलणाऱ्या सळ्यांवर; वरपर्यंत साखळी लागतच नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि टायमिंग चेन गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचली. मग १९९१, १९९६ आणि २००० मध्ये धुराचे नियम एकेक पायरीने कडक झाले आणि टू-स्ट्रोक मागे पडल्या.

बर्फावर हेच थोडं उशिरा घडलं. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांची स्की-डू ही स्नोमोबाईल १९५९ ची. हलकं आणि सोपं म्हणून पुढची कित्येक दशकं या गाड्यांवर टू-स्ट्रोक इंजिनांचंच राज्य होतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात त्यांचा धूर इतका वाढला, की प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांना श्वसन-मुखवटे देण्याची वेळ आली. २००२ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने स्नोमोबाईलसाठी प्रदूषणाची मानकं ठरवली. त्याच सुमारास फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. यामाहाच्या आरएक्स-१ मध्ये तर आर१ या मोटरसायकलीवर बेतलेलं ९९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. मोटरसायकलीचं इंजिन आलं, त्याच्याबरोबर तिचा टेन्शनरही आला.

तोवर टेन्शनर आपला आपण ताण घेऊ लागला होता. दातेरी दांडा स्प्रिंगच्या जोराने पुढे सरकतो आणि खटका त्याला मागे येऊ देत नाही. सोय मोठी, पण मेकॅनिकची चूक होते ती इथेच. टेन्शनरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करून तसेच पुन्हा आवळले, तर मधल्या वेळात दांडा एक-दोन दात पुढे गेलेला असतो आणि साखळी ताणून बसते. म्हणून टेन्शनर पूर्ण बाहेर काढायचा, खटका दाबून दांडा आत ढकलायचा, मगच बसवायचा. काही टेन्शनरांत मागची छोटी टोपी काढून आतला स्क्रू फिरवला की दांडा आत जातो. त्याआधी पिस्टन टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणून मॅग्नेटवरची खूण जुळवायची. टेन्शनर बाहेर असताना किक मारायची नाही आणि इंजिन उलटं फिरवायचं नाही.

निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे गाडी चालू केली की कधीकधी काही क्षण टायमिंग चेन वाजते. तेल घट्ट असतं, वर पोचायला वेळ लागतो. आवाज लगेच थांबला तर आधी तेल बघावं: पातळी किती, ते किती जुनं, कोणत्या ग्रेडचं. गरम इंजिनातही खडखड राहिली, तर मात्र टेन्शनर, पट्टी आणि साखळी तिन्ही तपासावीत. दांडा बराच बाहेर आला असेल, तर नुसता नवा टेन्शनर घालून भागत नाही. झिजलेली साखळी असते, ती बदलायची.