डिझेल मारलं म्हणून इंजिन थंड राहत नाही

आमच्या वणी-यवतमाळकडे गाडी धुवायला नेली की धुणारा पोरगा हमखास विचारतो, "भाऊ, इंजिनले डिझेल मारू का?" बाहेरून डिझेल फवारलं की इंजिन चमकतं, गंजत नाही, उन्हाळ्यात थंडही राहतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चमक खरी आहे, पण ती आठवडाभराची.

डिझेलचा तेलकट थर मागे राहतो. वावरातली धूळ आणि जिनिंगच्या रस्त्यावर उडणारा कापूस नेमका त्यावरच चिकटतो. महिन्याभरानं बॉनेट उघडून बोट फिरवून पाहा, काळं कीटण हाताला लागेल. रबरी होजपाइप, बेल्ट डिझेलनं फुगतात, मऊ पडतात. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेलं डिझेल पेटू शकतं, आणि मला खरी भीती याचीच वाटते.

४५ अंशांच्या उन्हात इंजिनला सांभाळतात ते रेडिएटर आणि कूलंट, म्हणजे त्यात फिरणारं थंड ठेवणारं द्रव. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस मऊ ब्रशनं काढा. पाणी इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला, हलक्या धारेनं सोडा. जोराच्या धारेनं पातळ पत्र्या वाकतात. आत बोअरचं जड पाणी भरू नका, क्षार धरतात.

इंजिन धुवायचंच असेल तर आधी पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं झाका. मग डीग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रव), ब्रश आणि ओलं फडकं पुरे. प्रेशर पंप बॉनेटच्या आत नकोच.